इराण... आपल्याच लाइनीवर!

सकाळी दोरीवर कपडे वाळत घालताना एकदा मोजून बघा. रुमाल, चादर, पायजमा, शाल... हे सगळे शब्द फारसी. स्वयंपाकघरात या, तर डब्यातले बदाम आणि किसमिस फारसी. दाराचा पडदासुद्धा! फारसी म्हणजे पारस देशाची, आजच्या इराणची भाषा. पिढ्यान् पिढ्या हे शब्द आपण घरचेच समजून वापरतोय. पण तो पारस देश बघायचा म्हटलं तर?

‘आपलं कुठे होतंय तिकडे जाणं!’ हेच उत्तर येणार. खरंच आहे ते. सुरतेला एका लग्नाला जायचं तरी चार दिवस आधीपासून दुधाची, डब्यांची, सासूबाईंच्या गोळ्यांची व्यवस्था लावावी लागते, तिथे इराण कसलं! शिवाय २०२५ च्या जूनमध्ये तिथे युद्ध झालं, बातम्या आपण सगळ्यांनी बघितल्या. हौस म्हणून उठून जावं असा तो प्रवास राहिलेला नाही.

मात्र मैत्रिणींनो, जुन्या पारसाच्या खुणा बघायला इराणलाच जावं लागतं असं थोडंच आहे? नंदुरबार स्टेशनवर उभं राहा. एका बाजूला गाडी सुरतेकडे जाते, दुसऱ्या बाजूला भुसावळकडे. या दोन्ही दिशांना पारसाच्या खुणा आहेत. सुरतेकडे त्यांची आग, आणि भुसावळच्या पुढे त्यांचं पाणी. आणि दोन्हीकडे बाईची काही ना काही गोष्ट आहेच. ती मात्र गाइडच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी थोडं मूळ गावाविषयी. दक्षिण इराणमध्ये शिराझ शहराजवळ तख्त-ए-जमशेद आहे. जग त्याला पर्सेपोलिस म्हणतं. सम्राट दारियस याने इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमाराला तिथे राजवाडे बांधायला घेतले आणि इसवी सनापूर्वी ३३० मध्ये सिकंदराच्या सैन्याने ते जाळले. उरले ते उंचच उंच दगडी खांब, दारातले पंखवाले बैल आणि जिन्याच्या भिंतीवर कोरलेली माणसं. देशोदेशीचे लोक राजाला नजराणा घेऊन चाललेत, असं ते दृश्य. त्यात आपल्याकडचेही आहेत बरं का! सिंधू नदीच्या मुलखातले. कमरेला धोतरासारखं वस्त्र, अंग उघडं, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड. इतक्या लांबच्या दगडावर कावड बघून कुणालाही घरचं माणूस भेटल्यासारखं होईल.

पण मला त्या खांबांपेक्षा आणि बैलांपेक्षा मोलाच्या वाटतात त्या मातीच्या पाट्या. १९३३-३४ मध्ये तिथल्या तटबंदीत खोदताना हजारो पाट्या सापडल्या. तळहातावर मावतील एवढ्या. वाचल्यावर कळलं की हे तर राजवाड्याचं रेशनचं दप्तर! कुणाला किती धान्य दिलं, किती मद्य दिलं, सगळा हिशेब. त्यात काम करणाऱ्या बायकांच्या नोंदी आहेत. काही टोळ्यांच्या मुकादम बायकाच आहेत आणि त्यांचं रेशन हाताखालच्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. बाळंतिणीला वेगळं, जास्तीचं रेशन आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी! वाचून बरं वाटतं. आणि मग पुढची नोंद येते : मुलगा झाला असेल तर जेवढं रेशन, त्याच्या निम्मं मुलगी झाली असेल तर.

आता काय बोलायचं यावर! पेढे आणि जिलेबीतला फरक आपल्याकडे नवीन नाही, एवढंच.

असो. आपल्या लाइनीवरचे अवशेष एवढे भव्य नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर ‘एवढ्या लांब आणलं आणि दाखवलं काय, तर चार विटा!’ असं घरचे म्हणतील. पण चार विटांत किती असतं ते आपल्याला माहीत असायला हवं. प्रकाशाचंच बघा ना. आपण तिथे केदारेश्वराच्या दर्शनाला जातो, तापी-गोमाईच्या संगमावर स्नान करतो. त्याच गावच्या पांढरीत १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी खणलं, तर तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरणाऱ्या माणसांची रंगीत खापरं निघाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती! वर बघाल तर नुसतं मातीचं टेकाड. पारसाच्या खुणाही बऱ्याचशा अशाच आहेत. डोळ्यांनी कमी आणि गोष्टीने जास्त बघायच्या.

तर आधी सुरतेची गाडी धरू. सुरत किंवा उधन्याला गाडी बदलायची आणि मुंबईच्या दिशेने निघायचं. नवसारी, वलसाड, उदवाडा, वापी आणि मग संजाण. गुजरातच्या हद्दीतलं शेवटच्या काही स्टेशनांपैकी एक. उमरगाम तालुक्यातलं साधंसं गाव, खाडीकाठचं. पारशी लोक आपल्या देशात आले ते इथे.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं. त्यानंतर जरथुष्ट्राचा धर्म मानणाऱ्या काही कुटुंबांनी देश सोडला. त्यांची गोष्ट ‘किस्सा-ए-संजाण’ नावाच्या फारसी काव्यात आहे. ते १५९९ मध्ये नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूंनी लिहिलं. म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. त्यामुळे त्यातलं वर्षांचं गणित इतिहासकारांत अजून वादाचं आहे. कुणी आठवं शतक धरतात, कुणी दहावं. गोष्ट अशी की, ही माणसं आधी डोंगरात लपली, मग होर्मुझ बंदरावर राहिली, जहाजातून दीवला आली आणि तिथून वादळात सापडत संजाणला लागली. तिथला राजा जादी राणा. त्याने आसरा दिला, पण अटी घातल्या.

दुधात साखर विरघळल्यासारखे राहू, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. गंमत म्हणजे ती ‘किस्सा’मध्ये नाहीच, मागाहून लोकांनी जोडली. किस्सामध्ये आहेत त्या अटी. तुमचा धर्म काय तो समजावून सांगा. शस्त्रं खाली ठेवा. इथली भाषा बोला. लग्नं संध्याकाळी लावा. आणि... तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखा पोशाख करावा!

बघा म्हणजे! पुरुषांनी हत्यारं ठेवली, बायकांनी कपडे बदलले. राजाचं समाधान झालं. वाटाघाटीला बसलेल्यांत एकही बाई असल्याचं त्या काव्यात नाही. पण देश बदलला हे दिसायचं कुणाच्या अंगावर, तर बाईच्या. पारशी बायकांनी मात्र त्या साडीचं सोनं केलं. पुढे चीनशी व्यापार सुरू झाला, तेव्हा तिकडचं रेशमी भरतकाम त्यांच्या साडीवर आलं आणि ‘गारा’ तयार झाला. पक्षी, कमळं, झाडं, इतकं बारीक काम की आजही जुना गारा घरात असेल तर तो दागिन्यासारखा जपतात. आत मात्र पांढरा मलमलचा सद्रा आणि कमरेला कुस्ती, म्हणजे लोकरीचा पवित्र धागा. तो सद्रा कुठल्याही राजाच्या अटीने गेला नाही. लग्नं अजूनही संध्याकाळीच लागतात.

संजाणला स्टेशनपासून जवळच एक उंच स्तंभ आहे. १९२० मध्ये उभारलेला, सुमारे ५० फुटांचा. पारशी माणूस तिथे गेला की नतमस्तक होतो. पण पुरावा म्हणाल तर तो स्तंभात नाही, खाडीकाठच्या मातीत आहे. २००२ ते २००४ या वर्षांत संजाण बंदराच्या जागी उत्खनन झालं. इराणच्या बाजूची फिरोजी झिलईची मातीची भांडी, चिनी मातीची भांडी, काचेचे तुकडे असं बरंच काही निघालं. म्हणजे बंदर मोठं होतं, पलीकडच्या मुलखाशी रोजचा व्यवहार होता, हे नक्की झालं. आणि त्या उत्खननात एक दोखमाही मिळाला.

दोखमा म्हणजे पारशांची अंत्यविधीची गोल जागा. पारशी धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र. मृतदेहाने त्यातलं काहीच विटाळू नये म्हणून देह उघड्यावर, गिधाडांसाठी ठेवायचा. संजाणचा दोखमा विटांचा, गोल. त्यात हाडं होती. आज तुम्ही तिथे गेलात तर डोळ्यांना फारसं काही दिसणार नाही. पण त्या हाडांनी नंतर जे सांगितलं, ते मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं वाटतं.

२०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी या हाडांचा डीएनए तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकवीस नमुने होते. आपल्या शरीरात एक डीएनए असा असतो, जो फक्त आईकडून येतो. आईचा तिच्या आईकडून, तिचा तिच्या आईकडून. म्हणजे माहेरची वंशावळच म्हणा ना! आपल्या कुळाच्या वंशावळीत बायकांची नावंच नसतात, पण शरीर ती लिहून ठेवतं. तर त्या नमुन्यांपैकी ४८ टक्के नमुन्यांत हा आईकडचा डीएनए खास भारतीय उपखंडातला निघाला. जवळजवळ निम्मा! शास्त्रज्ञांचा अंदाज असा की, सुरुवातीच्या काळात आलेल्या मंडळींनी इथल्या मुलींशी लग्नं केली आणि त्या मुली त्या समाजात सामावून गेल्या.

त्या मुलींची नावं कुठल्याच किस्सामध्ये नाहीत. त्या कुठल्या घरातल्या, कोळ्यांच्या की शेतकऱ्यांच्या, वारल्यांच्या की आणखी कुणाच्या, काही कळायचा मार्ग नाही. जहाजातून आल्या त्या इराणी बायकांनी साडी नेसली. आणि ज्या इथल्याच होत्या, त्यांनी सद्रा घातला, चुलीतल्या विस्तवाला वेगळा नमस्कार करायला शिकल्या. सासर म्हणजे दुसरा देशच असतो, हे आपण सहज म्हणतो. त्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की पारशी कोण? निमित्त होतं रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीचं, म्हणजे जेआरडी टाटांच्या आईचं. त्या निकालातून जी रीत पक्की झाली ती अशी : बाप पारशी आणि आई परकी असली तर मुलं पारशी होऊ शकतात. पण पारशी बाईने बाहेर लग्न केलं तर तिच्या मुलांना ते दार बंद. आणि तिचं स्वतःचं काय? संजाणपासून फार लांब नाही त्या वलसाडची एक पारशी महिला याच प्रश्नासाठी कोर्टात गेली. तिने हिंदू माणसाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं होतं. आईवडील गेल्यावर त्यांच्या अंत्यविधीला हजर राहता यावं, एवढीच तिची मागणी. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. लग्नानंतर बाईचा धर्म नवऱ्याचा, असं धरून. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या पारशी ट्रस्टने तिला आणि तिच्या बहिणीला आईवडिलांच्या विधीला येऊ देण्याचं मान्य केलं. लग्न झालं म्हणून बाईचा धर्म बदलतो का, हा मूळ प्रश्न पुढे मोठ्या घटनापीठाकडे गेला.

दोन्ही गोष्टींचं साल एकच, बघा. २०१७. संजाणच्या मातीने सांगितलं की निम्म्या आया बाहेरून आल्या होत्या. आणि तिथून काही स्टेशनांवर एक लेक विचारत होती, की मी बाहेर गेले म्हणून बापाची लेक उरले नाही का? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात पारशी उरलेत ५७ हजार २६४. १९४१ मध्ये ते एक लाखाच्या वर होते. त्यांच्या समाजातही यावर दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने बोलणाऱ्या बायका आहेत. एवढासा समाज टिकवायचा कसा, ही त्यांची काळजी खोटी नाही. पण तिचं सगळं ओझं लेकींवरच का, असं मला वाटल्यावाचून राहत नाही. आणि हा प्रश्न फक्त त्यांचाच आहे, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. आपल्याकडे जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला माहेरचं दार किती वर्षांनी उघडतं, ते प्रत्येकीने आपल्या गल्लीत बघितलेलं आहे.

संजाण पुढे सुलतानाच्या फौजेपुढे पडलं. त्याचंही साल वादाचंच. पारशी मंडळी आपली पवित्र आग घेऊन पळाली. तिचं नाव इराणशाह. ती बहरोटच्या डोंगरावरच्या गुहांत १२ वर्षं ठेवली, असं किस्सा सांगतो. हा डोंगर महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, बोर्डी-घोलवडच्या बाजूला. घोलवड म्हणजे चिकूचं गाव. चढ दमवणारा आहे. गुडघेदुखी असेल तर खालूनच नमस्कार करावा. ज्यांना चढता येतं त्यांनी पावसाळा संपल्यावर, सोबत घेऊन, गावातला वाटाड्या घेऊन जावं. वर गुहा आहेत, त्या साध्याच. पण आत उभं राहून एवढंच मनात आणायचं, की १२ वर्षं, रोज, पावसाळ्यातही, इथे लाकूड वाहून आणून विस्तव विझू दिला नाही. चूल पेटवणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बहरोटहून आग वांसद्याच्या जंगलात आली. हे मात्र आपल्या फार जवळ! नवापूरहून डांगच्या रस्त्याने गेलं की वांसदा. तिथल्या घोडमाळ गावाजवळ अजमलगड नावाचा डोंगर आहे. तिथल्या गुहेत आग होती, अशी पारशांची श्रद्धा आहे. किस्सा म्हणतो, १४ वर्षं. भोवती सगळी आदिवासी वस्ती. नवापूरच्या मैत्रिणींनी तर एका रविवारची सहल म्हणून हे करावं. दुपारचा डबा घरून न्यायचा, बस्स.

वांसद्याहून आग नवसारीला गेली आणि १७४२ मध्ये उदवाड्याला आली. तिथे ती आजही जळते आहे. उदवाडा गाव स्टेशनपासून सात-आठ किलोमीटर आत, समुद्राला लागून. जुनी लाकडी ओट्यांची घरं, ओट्यावर आरामखुर्ची, बरीच कुलूपबंद. आगीच्या मंदिराची आजची वास्तू १८९४ ची, आणि ती बांधून दिली मोतलीबाई वाडिया या बाईंनी. आत आपल्याला प्रवेश नाही. फक्त पारशांना आहे. वाईट वाटून घेऊ नका, त्यांची ती रीत आहे. दारावरचे दगडी बैल बाहेरून बघता येतात. तख्त-ए-जमशेदच्या दारात जसे पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत, तसले मुंबई-सुरतेच्या कितीतरी पारशी देवळांवर दिसतात. देश सोडून हजार-बाराशे वर्षं झाली, तरी दाराची खूण तीच ठेवली! गावात पारशांची माहिती देणारं छोटं संग्रहालय आहे. तिथे आपल्याला जाता येतं. आणि हिवाळ्यात गेलात तर पहाटे ‘दूधना पफ’ मिळतो का, ते विचारा. रात्री उघड्यावर थंडीत ठेवलेलं गोड दूध पहाटे घुसळून त्याचा फेस पेल्यात भरतात. फेसच प्यायचा. नावाला दूध, पण ओठाला लागतं तेवढंच!

मुंबईला लेकीकडे किंवा मुलाकडे जाणं होत असेल, तर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतली ९० नंबरची गुहा शोधा. बौद्ध लेणं, आणि भिंतीवर जुन्या पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांनी कोरलेली आपली नावं. सन १००९ ची! सहलीला गेलं की भिंतीवर नाव लिहायची खोड किती जुनी आहे, बघा. मुलांना मात्र हे सांगू नका.

आता गाडी उलट्या दिशेने. भुसावळला उतरून खंडव्याकडच्या गाडीने बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलं तरी ही जुन्या खानदेशाची राजधानी. फारुकी सुलतानांची आणि नंतर मुघलांची. आपल्या तापीच्याच काठचं गाव. इथली पारसाची खूण जमिनीखाली आहे. तिचं नाव कुंडी भंडारा. लोक खूनी भंडाराही म्हणतात.

इराण कोरडा देश. तिथे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी एक युक्ती काढली. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाणी शोधायचं, आणि तिथून गावापर्यंत जमिनीखालून अगदी थोड्या उताराचा बोगदा काढायचा. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरींसारखी तोंडं. पाणी आपोआप वाहत येतं. मोट नाही, मोटार नाही, उन्हाने वाफ होत नाही. याला कनात म्हणतात. इराणमधल्या गोनाबादची कनात ३३ किलोमीटर लांब आहे. २०१६ मध्ये तिच्यासह अकरा कनातींना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. नदीच्या वाळूत झिरा करून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईला ही युक्ती लगेच कळेल. आडवा आणि कोसभर लांब केलेला झिराच तो!

तीच युक्ती बऱ्हाणपुरात १६१५ मध्ये केली गेली. तेव्हाचा सुभेदार अब्दुल रहीम खानखाना. हिंदीच्या पुस्तकात ज्या रहीमचे दोहे आपण पाठ केले, तोच हा. इराणहून आलेल्या जाणकाराने पाण्याची जागा शोधून दिली, असं सांगतात. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी अडवलं आणि शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरींची तोंडं, एका बोगद्याने जोडत शहरात आणलं. असे आठ पाणीसाठे होते. त्यातल्या एकाचं नाव काय होतं माहीत आहे? चिंताहरण! नाव ठेवणाऱ्याच्या घरातल्या बाईनेच ते सुचवलं असणार, अशी आपली माझी खात्री. २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचं नावही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं.

स्टेशन लालबागेत आहे आणि भंडाराही त्याच बाजूला, त्यामुळे फार हिंडावं लागत नाही. खाली जायला लिफ्ट बसवली आहे. ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. सुमारे ८० फूट खाली बोगदा. भिंतींवर क्षारांचे पांढरे थर साचलेत, पायाशी स्वच्छ वाहतं पाणी, आणि वर कुंडीच्या तोंडातून पडणारा उजेडाचा गोल. साडी थोडी वर खोचून, चपला हातात घेऊनच चालायचं. चारशे वर्षांपूर्वीचं काम आहे आणि पाणी अजून वाहतंय. आपल्या नळयोजनांचं वय आठवा आणि मग बघा.

कनातीची एक इराणी रीत वाचली होती, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य इराणच्या काही गावांत कनातीचं पाणी आटायला लागलं की तिचं लग्न लावत. नवरी म्हणून गावातली विधवा बाई निवडायची. तिला नटवून, वाजतगाजत पाण्यापाशी न्यायचं. तिने अधूनमधून त्या पाण्यात स्नान करायचं, आणि त्याबद्दल गाव तिला वर्षाचं धान्य द्यायचं. पाणी त्यामुळे वाढत असेल-नसेल. पण नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर आपल्याकडे अजून कुजबूज होते, आणि तिकडे तिलाच पाण्याची नवरी करून तिच्या पोटाची सोय गाव बघत होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात उन्हाळ्यात दरीतून हंडे घेऊन चढणाऱ्या बायका बघितल्या की वाटतं, पाण्याशी लग्न तर आपल्याकडेही लागलेलंच आहे. धान्य तेवढं कुणी देत नाही.

बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात तापीकाठीच इराणी धर्तीचं हमाम आहे. थंड-गरम पाण्याचे नळ भिंतीतून फिरवलेले, छतावर रंगीत नक्षी. बरीच उडालीय, पण मान वर करून शांतपणे बघितली तर वेल-फुलं दिसतात. हे मुमताजसाठी बांधलं, असं इथे सांगतात. मुमताज म्हणजे अर्जुमंद बानू. तिचे आजोबा तेहरानहून नशीब काढायला हिंदुस्थानात आलेले, म्हणजे घराणं मूळ इराणीच. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि ती पोटुशी असूनही सोबत होती. १७ जून १६३१ ला याच गावात, चौदाव्या बाळंतपणात ती गेली. वय ३८. चौदांपैकी सात मुलं तिच्या डोळ्यांदेखत किंवा पाठोपाठ गेलेली. शेवटची मुलगी मात्र जगली. गौहर आरा तिचं नाव. ती पुढे पंचाहत्तर वर्षांची होऊन वारली. हिंदुस्थानच्या राणीला हकीम, दाया, हमाम, काही कमी नव्हतं. तरी बाळंतपणाने तिला नेलं. आपल्या जिल्ह्यातल्या आशाताईंना हे सांगितलं तर त्या म्हणतील, ‘चौदावं? आधी दोन बाळंतपणांत अंतर ठेवायला कुणी सांगितलं का तिला?’ आणि त्यांचं बरोबरच आहे.

तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी पुरलं. सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. पुढचा ताजमहाल सगळ्यांना माहीत आहे. आहूखाना म्हणजे हरणांची बाग. आज तिथे जुन्या इमारती आणि मोकळी जागा आहे, गर्दी नसते. बायका-बायकाच जाणार असाल तर दुपारचं ऊन उतरायच्या आत परत फिरा. आणि रिक्षा जाण्या-येण्याची मिळूनच ठरवा. तिथून परतीला लगेच दुसरी मिळेलच, याचा भरवसा नाही.